मगर, मोटार आणि मीठ-साखर: बडोद्याचा जून

जून उजाडला की बडोद्याच्या वर्तमानपत्रांत दोन आकडे रोज येऊ लागतात: आजवा सरोवराची पातळी आणि काळाघोडा पुलापाशी मोजलेली विश्वामित्रीची पातळी. कामाधंद्याला जाणारी माणसं त्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. आपण निवृत्त मंडळींनी तसं करू नये. भर दुपारी पाणी सोसायटीच्या फाटकात आलं तर घरात आपणच असतो, आणि 'काका, आता काय करायचं?' म्हणून पोरं-सुना आपल्याकडेच बघतात. पेपरातली बातमी आपल्या दाराशी आणून तिचा अर्थ लावणं, हे काम आपल्या वयाला जमणारं आहे. या लेखात तेवढंच करायचं आहे.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधून, कमाटीबागेला वळसा घालून, खाली ढाढर नदीला मिळते. वरच्या अंगाला सयाजीराव महाराजांच्या वेळचं आजवा सरोवर आहे. त्याची पातळी २११-२१२ फुटांच्या आसपास गेली की दरवाज्यांतून सुटलेलं पाणी विश्वामित्रीत येतं. म्हणजे दांडिया बाजारात ऊन पडलेलं असलं तरी नदी चढत असू शकते. २०२४ च्या ऑगस्टात हेच झालं. नदी पंचवीस फुटांच्या धोक्याच्या खुणेवरून चढत ३५ फुटांवर गेली, आणि शहरातला पाऊस ओसरल्यावरही सखल भागातलं पाणी हटलं नाही. म्हणून एकटा आकडा बघून उपयोग नाही, तो कोणत्या वेगाने वाढतो आहे ते बघायचं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळ आणि फूट असे दोन रकाने आखावेत आणि दर दोन तासांनी नोंद करावी. तासाला एक फूट चढ असेल आणि वर आजवा भरलेला असेल, तर वीस फुटांनाच गाडी हलवावी, असं माझं मत आहे. पंचविसाची वाट बघणाऱ्यांना मग उंचावर जागाच मिळत नाही.

दुसरी गोष्ट कांसांची, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांची. भूखी, रूपारेल, मसिया या आपल्या पावसाळी कांसांचं पाणी शेवटी विश्वामित्रीतच जातं. नदी चढली की कांसाचं तोंड दाबलं जातं आणि पाणी उलटं फिरतं. त्यामुळे नदीपासून लांब, पण कांसाला लागून असलेल्या घरांत पाणी आधी शिरतं आणि 'नदी तर अजून पात्रात आहे' म्हणत माणसं गाफील राहतात. आपल्या घराजवळचा कांस कुठे उघडा आहे, कुठे स्लॅबखालून जातो आणि कुठे गाळाने भरला आहे, हे पहिल्या पावसाआधी चालत जाऊन बघून ठेवावं.

आता मगरी. दुसऱ्या कुठल्या शहरात एवढ्या दाट वस्तीमधून वाहणाऱ्या नदीत चारशेहून अधिक मगरी राहत असतील असं मला वाटत नाही. त्या आपल्या शहराच्या जुन्या रहिवासी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण पावसाळा आला की 'सोसायटीत मगर घुसली' अशी बातमी येते, ती वाचून भीतीच तेवढी वाढते, माहिती वाढत नाही.

आपल्याकडची मगर गोड्या पाण्यातली. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, एका वेळी वीस-तीस. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. अंड्यातली पिल्लं आवाज करतात, तो ऐकून आई माती उकरते. म्हणजे मे-जूनमध्ये काठावर बसलेली मादी खड्डा राखत असते आणि एरवी जी माणूस दिसताच पाण्यात सरकते ती या दिवसांत सरकत नाही, अंगावर येते. काठाला कपडे धुणारे, गळ टाकणारे, बकऱ्या चारणारे यांना धोका या दिवसांत जास्त. २०२५ मध्ये पुराचा धोका कमी व्हावा म्हणून नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम पावसाळ्याआधी झालं. पुराच्या दृष्टीने त्याची गरज होती हे मान्य. पण काठ खोदला म्हणजे मगरीची बिळं आणि अंडी घालायची जागा खोदली, हेही खरं. अशा कामानंतर मगरी नव्या जागा शोधतात. गेल्या वर्षी या वळणावर मगर नव्हती म्हणून यंदाही नसेल असं धरून चालू नये.

पुरात मगर बाहेर येते ती माणसाला खायला नव्हे. नदीला ओढ वाढली की तिला संथ, उथळ पाणी हवं असतं. मोकळा प्लॉट, सोसायटीचं पार्किंग, तळघर हे तिच्या दृष्टीने शांत डबकं. आणि ती सापडते बहुतेक वेळा पाणी उतरताना, चढताना नव्हे. आपण हायसं वाटून झाडू घेऊन खाली उतरतो तीच धोक्याची वेळ. पाणी उतरलं की आधी बॅटरी घ्यावी. पार्किंगमध्ये, गाड्यांखाली, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, झुडपांत लांबून उजेड मारावा. मगरीचे डोळे उजेडात लालसर-नारिंगी चमकतात, दोन निखारे जवळजवळ ठेवावेत तसे. चमक दिसली की तिथेच थांबावं.

मगर दिसल्यावर काय करायचं? तिच्यात आणि पाण्यात आपण उभं राहायचं नाही. पंधरा मीटरच्या आत जायचं नाही. फाटक उघडं ठेवायचं, पोरांना आणि बांधलेल्या कुत्र्यांना घरात घ्यायचं. साखळीला बांधलेला कुत्रा मगरीला सहज मिळतो, म्हणून पुराच्या रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवूच नये. दगड, काठी, फटाके काही नाही. तोंड वासून पडलेली मगर रागावलेली असतेच असं नाही, अंगातली उष्णता ती तशी कमी करते. फुसकारा टाकून अंग फुगवलं तर मात्र मागे सरावं. जमिनीवर ती लांबवर पाठलाग करत नाही, पण चार-सहा मीटरची झेप क्षणात घेते आणि शेपटीचा फटका बाजूने येतो, म्हणून बाजूला उभं राहणंही तेवढंच वाईट. वन खात्याला आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्राणिमित्र संस्थांना कळवावं. त्यांचे दूरध्वनी क्रमांक जूनमध्येच नोटीस बोर्डावर लावून ठेवावेत, पाण्यात उभं राहून शोधत बसू नये.

हे लोक मगर धरतात ते जवळून पाहण्यासारखं असतं. आधी लांब काठीने ओलं पोतं तिच्या डोळ्यांवर टाकतात. डोळे झाकले की ती बरीच शांत होते. मग गळ्यात फास, आणि जबडा दोरीने किंवा पट्टीने बांधतात. मगरीचा जबडा मिटण्याचा जोर भयंकर, पण उघडण्याचे स्नायू कमजोर, म्हणून मिटलेला जबडा साध्या पट्टीनेही बंद राहतो. हे बघून आपल्याला जमेल असं कुणा तरुणाला वाटलं तर त्याला अडवा. मगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला त्रास देणं, धरणं हा गंभीर गुन्हा आहे. वीतभर लांबीची पिल्लंही त्यात आली. कांसात सापडलेलं पिल्लू बादलीत ठेवून फोटो काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला हवं. त्याची आईही जवळच असू शकते.

मगरीची बातमी मोठी होते, पण पुरात माणसं दगावतात ती जास्त करून बुडून, आणि विजेने आणि सर्पदंशानेही, मगरीने क्वचितच. सापांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे जिवावर बेतणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. पाण्याबरोबर घरात येणारी बरीचशी मंडळी धामण आणि पाणदिवड, म्हणजे बिनविषारी. पण ओळख पटवण्यात वेळ घालवू नये. मण्यारीचं वेगळं लक्षात ठेवावं. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याची खूण दिसेलच असं नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं अशी लक्षणं दिसली तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट दवाखाना. पाणी आल्यावर खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झालाच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढा, कारण सूज आली की ते निघत नाहीत. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून न हलवता सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात न्या. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर मिळून चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नसते.

मग कुत्रे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे हा विषय घरोघरी पोचला आणि अर्धवट पोचला. ११ ऑगस्टचा आदेश दिल्ली परिसरातले भटके कुत्रे निवाऱ्यात ठेवण्याचा होता. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा होता त्याच भागात सोडायचा, पिसाळलेले आणि हल्लेखोर सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथले कुत्रे हलवायचे आणि त्या आवारात परत सोडायचे नाहीत, असं सांगितलं. सोसायटीच्या बैठकीत कुणी 'कोर्टाने सगळे कुत्रे उचलायला सांगितलेत' म्हणालं, आणि समोरचा 'कोर्टाने हात लावू नका म्हटलंय' म्हणाला, तर दोघांनाही या तीन तारखा सांगाव्यात.

सोसायटीला करता येण्याजोगं काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. कुत्र्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ रहिवाशांच्या संघटनेने ठरवून द्यायची. ती जिन्यापासून, फाटकापासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. पुष्कळ भांडणं ही जागा न ठरवल्यामुळे होतात. जिन्याच्या तोंडाशी पोळी टाकली की कुत्रा तो जिना आपला समजतो आणि दूधवाल्यावर धावतो. दोष ना कुत्र्याचा ना दूधवाल्याचा. नसबंदी झालेला कुत्रा ओळखायला त्याचा कान बघा, टोकाला खाच किंवा काप असतो. कान सलग असलेल्यांची संख्या लिहून महापालिकेला लेखी कळवावं. 'कुत्र्यांचा त्रास आहे' या मोघम अर्जापेक्षा 'अमुक गल्लीत पाच माद्या, नसबंदी बाकी' या अर्जावर काम होण्याची शक्यता जास्त. पुरात हेच कुत्रे जिन्यावर, गच्चीत चढून बसतात, भेदरलेले आणि उपाशी. त्यांच्या अंगावरून ओलांडून जाऊ नये. कोपऱ्यात अडकलेला कुत्रा पळायला वाट नाही म्हणून चावतो.

चावला किंवा नख लागून रक्त आलं, तर पहिलं औषध नळाखालचं: साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने जातो, तो जितका धुऊन जाईल तितका बरा. मग त्याच दिवशी लस. दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेत आणि भोवती टोचायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते पहिल्याच दिवशी मागून घ्यावं, पहिल्या लसीला सात दिवस होऊन गेल्यावर त्याचा उपयोग नाही. दोन सुया झाल्यावर बरं वाटतं म्हणून पुढच्या टाळणारे पुष्कळ असतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज जवळपास नाहीच, म्हणून तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहाव्यात.

विजेचं आता. पाणी वाढलं की लोक मेन स्विच पाडतात आणि निर्धास्त होतात. इन्व्हर्टर चालूच असतो! मेन बंद होताच तो उलट सुरू होतो आणि पाण्याखाली जाणाऱ्या प्लगमध्ये २३० व्होल्ट देत राहतो. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, त्याचा मेन स्विच बंद, मग घराचा मेन. गच्चीवर सौर पॅनेल असतील, आणि गुजरातेत आता ते खूप घरांवर आहेत, तर आणखी एक काम. वीज गेली की सौर इन्व्हर्टर ग्रिडला वीज देणं थांबवतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत ऊन आहे तोवर डीसी दाब राहतोच. तिथला डीसी आयसोलेटर, म्हणजे त्या तारा तोडणारा स्विच, वेगळा बंद करावा लागतो. बसवणाऱ्याकडून तो कुठे आहे ते दाखवून घ्या आणि त्यावर मराठी-गुजरातीत चिठ्ठी डकवा. ज्यांच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, आहे त्यांनी महिन्यातून एकदा त्यावरचं 'टी' बटण दाबून बघावं. दाबल्यावर खटका पडला नाही तर तो शोभेचा झाला, बदला. जुन्या वाड्यांत तो बहुधा नसतोच, बसवून घ्यायला हवा.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनमध्ये पाणी गेलं की 'सुकलं, आता लावून बघू' हा मोह होतो. तोच महाग पडतो. मशीनची मोटर आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची जोडणी तळाशी असते. गाळ सुकला तरी ओलावा धरून ठेवतो, आणि वीज सोडली की कार्डावर शॉर्ट होतं. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. मेकॅनिकने उघडून, धुऊन, वाळवून, इन्सुलेशन मोजल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पाण्याच्या आधी वस्तू दीड-दोन फूट उंचावर ठेवता आल्या तर उत्तमच.

गाड्यांबाबत सगळ्यात जास्त पैसा जातो तो पाण्यामुळे नव्हे, पाणी उतरल्यावर मारलेल्या एका स्टार्टरमुळे. हवा घेण्याच्या नळीतून सिलेंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जिथे धुण्या-पुसण्याचं आणि ऑइल बदलण्याचं काम होतं तिथे इंजिन उतरवायची पाळी येते. वर विमा कंपनी म्हणते, पुराचं नुकसान आम्ही देऊ, पण पाण्यातली गाडी तुम्ही सुरू केलीत, ते नुकसान वेगळं. इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर हा दावा बहुधा फेटाळला जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा. किल्लीला हात नाही. पाण्याची खूण दारावर आणि सीटवर दिसेल असे फोटो, नंबर प्लेटसकट. बॅटरीचं ऋण टोक सोडवा. गाडी गियरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा, चाकांना विटा लावा, नाहीतर ओले ब्रेक चिकटतात. विमा कंपनीला कळवून दावा क्रमांक लिहून घ्या, आणि गाडी ओढत नव्हे, चारही चाकं वर घेणाऱ्या टोइंगच्या गाडीवर न्या. गॅरेजात डिपस्टिक ओढून बघायला सांगा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी आत गेलं आहे. स्कूटरलाही हेच नियम, शिवाय एअर फिल्टर आणि सायलेन्सर रिकामे करावे लागतात.

स्कूटरवाल्यांनी विम्याचा कागद आजच काढून बघावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा झाला, चारचाकीला तीन वर्षांचा. शोरूममधून निघताना 'पाच वर्षं बघायला नको' असं सांगतात आणि कागदावरही पाच वर्षं पुढची तारीख असते. ती तारीख समोरच्याच्या नुकसानीची. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप संपतो. कागदावर 'स्वतःच्या नुकसानीचा कालावधी' अशी वेगळी ओळ असते, ती शोधा. संपला असेल तर तेवढाच भाग वेगळा विकत घेता येतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी पूर्ण निकामी धरतात. म्हणून हप्ता कमी करायला आयडीव्ही पाडून घेणं नुकसानीचं आहे.

घराचा विमा आपल्याकडे फार कमी लोक काढतात. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते. तिच्यात पूर येतो, आणि इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण वेगळी यादी न देता मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. मोटार आणि घराच्या विम्याला ती सूट नाही, तेव्हा हप्त्यात कर दिसला म्हणून एजंटाशी भांडू नये. आरोग्य विम्याच्या पावतीवर दिसला तर जरूर भांडावं.

दावा नाकारला तर? रागाने फोन करून काही होत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, पोच घेऊन. महिन्याभरात उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गुजरातसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. फ्रिज, मोबाइल, गॅरेजचं बिल अशा बाकीच्या भानगडींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नोंद झाल्यावर पुष्कळ कंपन्या तडजोडीला येतात. नाही आल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. या सगळ्यात एक कागद लागतोच: बिल. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते, विशेषतः प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर. घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढून नातवाला किंवा स्वतःला मेल करून ठेवावा.

शेवटी पाणी, पिण्याचं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून, घासून घ्यावी. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून ते गढूळ पाणी वापरू नये, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. स्वच्छ पाणी भरल्यावर १००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. ती थेट टाकीत फेकायची नाही. पेल्यात थोड्या पाण्यात कालवून, बादलीत पातळ करून दहा मिनिटं ठेवावी, वरचं निवळ पाणी टाकीत ओतावं आणि तळाचा चुना फेकावा. तासाभराने पाणी वापरायला घ्यावं. क्लोरीन तपासायचे थेंब मिळतात, पाण्यात टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला तर ठीक, अजिबात आला नाही तर पावडर जुनी आहे. उघड्या पुड्यातली पावडर काही आठवड्यांत मरते, म्हणून छोटी पिशवी घ्यावी.

तरीही जुलाब झाले तर ओआरएस, आणि इथे ग्राहक म्हणून डोळे उघडे हवेत. वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानांत ओआरएस नाव लावलेली गोड फळपेयं विकली गेली. त्यांत साखर भरपूर आणि क्षार कमी, आणि जास्त साखर जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. खऱ्या पुडीवर लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असं लिहिलेलं असतं. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, ती पूर्ण एका लिटरमध्ये एकदम घालायची. अर्धी पुडी पेल्यात कालवली तर अंदाज चुकतो, आणि घट्ट झालेलं द्रावण लहान मुलाला आणि आपल्या वयाच्या माणसाला बाधतं. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, एकट्या माणसाला त्या सोयीच्या. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट, शीग नाही. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्याने करा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकावं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी मीठ-पाणी मोजून घ्यायला सांगितलं आहे, त्यांनी पहिल्या ग्लासाबरोबरच डॉक्टरांना फोन लावावा. मधुमेह असला तरी ओआरएस बंद करायचं नाही, साखर तपासत राहायची.